चेलोचा पट्टा

फरशीवर चेलो घसरतो. दिसायला व्हायोलिनसारखाच, पण बसलेल्या माणसाच्या छातीच्या वर येणारं हे धूड. खुर्चीत बसून ते दोन्ही गुडघ्यांत धरायचं, वरची कड आपल्या छातीच्या हाडावर टेकवायची आणि खालून निघालेली लोखंडी पिन जमिनीवर रोवायची. जमीन शेणाची असली तर पिन रुतून बसते. फरशीवर मात्र बो, म्हणजे तारांवरून फिरवायचा गज, जरा जोरात ओढला की ती सटकते आणि अख्खं वाद्य मांड्यांतून निसटून पुढं पळतं. वाजवणारा एका हातानं सूर धरतो, दुसऱ्या हातानं बो ओढतो. पळणाऱ्या वाद्याला धरायला त्याच्याकडं तिसरा हात नसतो.

माझ्या वडलांनी, आण्णांनी, त्यावर एक उपाय केला होता. सागवानी फळीला ओळीनं भोकं पाडली होती आणि फळीच्या मागच्या टोकाला सुतळी बांधली होती. सुतळी खुर्चीच्या पायाला गुंडाळायची आणि पिन एका भोकात बसवायची. आण्णा तरुणपणी कोल्हापूरच्या एका चित्रपट स्टुडिओत सेट उचलायच्या कामावर होते. तिथल्या वाद्यवृंदात गोव्याचे एक म्हातारे वादक होते. दुपारच्या सुट्टीत ते आण्णांना शिकवायचे. स्टुडिओचं काम आटलं तेव्हा गोव्याला परत जाताना त्यांनी चेलो आण्णांच्या हवाली केला. आण्णा तो खांद्यावर घालून आमच्या वस्तीत आले, तेव्हा बायका दारात आल्या आणि कुणाचं मढं आणलंय म्हणून विचारू लागल्या, असं माझी आई सांगायची. आण्णा पुढं एका शाळेत शिपाई झाले, पण वाजवणं सुटलं नाही. जयंतीच्या कार्यक्रमात, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ते चेलो वाजवायचे. त्यांच्या बोटांना संधिवात धरू लागला तेव्हा ती खुर्ची माझी झाली. आई गेली होती, घरात आम्ही दोघंच होतो, आणि मला दुसरं काही इतकं नीट येत नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला उचगावात जयंतीचा कार्यक्रम होता. फळ्यांचा स्टेज आणि वर सतरंजी. तिसऱ्या-चौथ्या गाण्याला सुतळी तुटली. पिन सतरंजीसकट पुढं गेली, चेलो माईकच्या स्टँडवर आदळला, आणि कर्ण्यातून असा आवाज निघाला की पुढं बसलेली पोरं हसून लोळायला लागली. मला रडू येत होतं. आण्णा खालून धावत वर आले आणि सुतळीला गाठ मारू लागले.

कार्यक्रम संपल्यावर एक तरुण स्टेजवर आला. हाताच्या रेषांत वंगण भिनलेलं होतं. परवानगी न मागता तो खाली बसला, पिन दोन बोटांत धरून फिरवून बघितली, तिचा स्क्रू हलवून बघितला.

"पावणं," तो आण्णांना म्हणाला, "सुतळीवर काय भागणार हाय व्हय? आन् हा स्क्रू बी गेलाय. मी करून देतो की."

"तुमी काय करता?" आण्णांनी विचारलं.

"टर्नर हाय. लोखंड कातायचा लेथ घरामागंच टाकलाय."

आठवड्याभरात तो आमच्या घरी आला. रुमालात गुंडाळून एक पितळी वाटी आणली होती, तळहातात मावेल एवढी. आतून खोलगट, मधे पिनेच्या टोकाला बसेल असा खड्डा, आणि एका अंगाला पट्टा ओवायला कडी. शेजारी ढोलक्या मढवणारे चाचा राहायचे. त्यांच्या दारात बसून दोघांनी पट्टा ठरवला. चाचांनी म्हशीचं चामडं दुहेरी घेऊन शिवलं आणि टोकाला जाड बक्कल लावलं. पट्टा खुर्चीच्या पायाला आवळायचा, वाटी पुढं जमिनीवर राहायची, वाटीत पिन. मग तो माणूस आमच्या फरशीवर बसला, चेलोला दोन्ही हातांनी धरून जीव खाऊन पुढं ओढला. खुर्ची करकरली, पण पिन हलली नाही.

"आता हत्ती ओढू दे," तो म्हणाला आणि माझ्याकडं बघून हसला.

पुढच्या फेरीला त्यानं नवी पिनही आणली. टूलरूममध्ये वापरतात त्या सिल्व्हर स्टीलची, आरशासारखी चकचकीत. टोक लेथवर काढून वर कानशीनं घासलेलं. जुनी पिन आत सरकवून ठेवता यायची. ही जाड होती, त्यामुळं वाजवून झाल्यावर स्क्रू सैल करून पूर्ण बाहेर काढावी लागायची. पण वाजवताना चेलो पहिल्यांदाच असा स्थिर राहिला की मी कान देऊन ऐकू शकले. मला त्याचे हात आवडले. वर्षभरात विहारात आमचं लग्न झालं.

सासर उचगावातच. दोन खोल्या, मागं अंगण आणि अंगणाच्या टोकाला पत्र्याची लेथची शेड. सासरे हयात नव्हते. सासूबाई, त्यांना मी आत्ती म्हणायचे, लोखंड ओतायच्या फौंड्रीत वाळू चाळायच्या कामाला जायच्या. सुरुवातीला नवरा संध्याकाळी लेथ बंद करून माझ्यासमोर बसायचा. येईल त्याला वाटी दाखवायचा. "ही माझी करामत," म्हणायचा. मलाही अभिमान वाटायचा.

पहिली थप्पड बसली ती जेवणाच्या वेळी. मी वाजवत होते, त्यानं ताट मागितलं, मी म्हटलं, "एवढं संपवते." तो उठला आणि कानाखाली मारली. इतकी सहज, की त्याला ती सवय आधीपासून असावी. डावा कान दुसऱ्या दिवशीही वाजत होता. त्यानं माफी मागितली नाही आणि मीही त्याबद्दल बोलले नाही. मग ते नेहमीचं झालं. भाजी खारट झाली, बस चुकली, गायकानं मला नावानं हाक मारली, त्याच्या चुलतभावाकडं मी बघून हसले, काहीही पुरायचं. तो दारू प्यायचा नाही. ओरडायचाही नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण लोक विचारतात, प्यायचा का? शुद्धीत मारायचा. कातायचा तुकडा, त्याच्या भाषेत जॉब, मशिनला लावायच्या आधी जसा तो बाह्या दुमडायचा, तशाच दुमडायचा.

पट्टा त्यानं पहिल्यांदा उचलला तेव्हा पावसाळा होता. खुर्चीच्या पायाचं बक्कल त्यानं सावकाश काढलं. मला वाटलं, काही दुरुस्त करायचंय. पट्टा मनगटाला गुंडाळला आणि वाटीचं टोक मोकळं सोडलं. चामड्याचा मार आग लावतो आणि थांबतो. पितळ आत जातं. पाठीवर, खांद्यावर, मांडीवर अर्धवट गोल वळ उठले, आधी लाल, मग काळे, मग हिरवट. मी भिंतीशी गेले, त्यानं केसाला धरून मधे ओढलं, कारण भिंतीजवळ हात नीट फिरत नव्हता. झाल्यावर त्यानं पट्टा पुन्हा खुर्चीला आवळून ठेवला.

त्या रात्री आत्तींनी हळद गरम केली. पाठीला लावताना म्हणाल्या, "माझ्या मालकाकडं उसाचं टिपरू असायचं. हा लोखंडातला हाय, तर ह्येचं असं. त्येच्या तोंडाला लागू नगो."

"मी काहीच बोललो न्हाई, आत्ती."

"न बोलता बी बोलतीस तू. वाजवतीस न्हवं?"

आमच्याकडं बायकाही 'आलो, गेलो, बोललो'च म्हणतात. आत्तींचा सूर मात्र नेहमी आज्ञेसारखा वाटायचा.

दुसऱ्या दिवशी मी चेलो घेऊन बसले आणि वरची कड छातीला टेकल्याबरोबर डोळ्यांपुढं अंधारी आली. बरगडीला चीर गेली असणार. डॉक्टरकडं कुणी नेलं नाही. गुडघ्यांच्या आतल्या बाजूही काळ्यानिळ्या झाल्या होत्या, तिथंच चेलो दाबून धरावा लागतो. मी पट्टा आवळला आणि वाटीत पिन ठेवली. ज्यानं अंग सोलून काढलं होतं त्याच्याच भरवशावर वाजवायचं होतं, कारण दुसरं साधन घरात नव्हतं. फळी आण्णांकडंच राहिली होती.

हातकणंगल्याच्या एका लग्नात सगळं चव्हाट्यावर आलं. ऑर्केस्ट्रा रंगात आला होता. मधल्या वेळेत आमच्या ढोलकीवाल्यानं मला पाण्याचा ग्लास दिला. एवढंच. माझा नवरा मांडवाच्या कडेला उभा होता, तो प्रत्येक कार्यक्रमाला यायचा. त्यानं लोखंडी घडीची खुर्ची मिटली, दोन्ही हातांनी उचलली आणि स्टेजवर येऊन ढोलकीवाल्याच्या डोक्यात घातली. दुसरा घाव खांद्यावर बसला. ढोलकीवाला ढोलकीवरच पडला, तिचं चामड्याचं पान फाटलं, आणि रक्त त्याच्या भुवईवरून त्या फाटलेल्या भोकात ठिबकू लागलं. वऱ्हाडातली माणसं धावली. त्यांना कोण कुणाला मारतंय कळलं नाही, त्यांनी दिसेल त्याला बुकललं. आमच्या गायकाचे दोन दात गेले. कुणीतरी मला केसाला धरून स्टेजखाली ओढलं. मी चेलोवर पालथी पडून राहिले आणि लोक माझ्या पाठीवरून धावत गेले.

पुढच्या आठवड्यात ऑर्केस्ट्राचे मालक बसस्टँडवर भेटले. "बाई, तुमी आता येऊ नका," ते म्हणाले. "तुमचं वाजवणं झ्याक हाय. पर आमाला पोरंबाळं हायत."

त्यानंतर मी घरातच वाजवायचे. नवरा शेडमध्ये असला आणि लेथ चालू असला की त्या आवाजाआड वाजवायचे. एका रविवारी दुपारी वाजवता वाजवता लाईट गेली. लेथ थांबला, आणि माझा आवाज उघडा पडला. मी घाईघाईनं स्क्रू सैल केला, पिन काढून खाटेवर ठेवली. तोवर तो दारात आला होता.

"कुणाला ऐकवायलीस?"

"कुणाला न्हाई. बंद केलंय."

त्यानं पट्टा सोडला. त्या दिवशीचा मार वेगळा होता, तो मोजूनमापून नव्हता. पहिल्याच फटक्यात बक्कल मानेवर बसलं. वाटी ओठावर लागली, दात ओठात घुसला, तोंड रक्तानं भरलं. मी खाली पडले तसा त्यानं पोटात पाय घातला. मग माझ्यावरचं लक्ष उडालं. चेलो त्यानं मानेला धरून ओढत अंगणात नेला. उंबऱ्यावर त्याची कड आपटली. शेडमधनं घण आणला.

मी उंबऱ्यापर्यंत रांगत गेले. "नको," म्हटलं. "मला मारा. त्येला नको."

त्यानं घण घातला. चेलोच्या पोटाला भोक पडलं आणि चारी तारा एकदम किंचाळल्या. तसा आवाज मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता, पुन्हा ऐकायचा नाही. तो दुसऱ्या घावासाठी घण वर घेत होता. मी आत गेले, खाटेवरची पिन घेतली, परत आले आणि दोन्ही हातांनी त्याच्या मांडीत घातली. मागून, गुडघ्याच्या वर वीतभर. मला वाटलं होतं जोर लावावा लागेल. लागला नाही. टोक त्यानंच काढलं होतं, ते सरळ आत गेलं आणि हाडाला लागून थांबलं. तो धक्का माझ्या मनगटांना कळला.

घण खाली पडला. तो वळला, मांडीबाहेर राहिलेल्या चकचकीत पिनेकडं त्यानं बघितलं, आणि त्याच्या तोंडावर राग नव्हता. जॉब फुकट गेल्यावर दिसायचा तसा नुसता गोंधळ होता. मग तो बसला आणि बैलासारखा ओरडायला लागला. मला भीती वाटली नाही, पश्चात्तापही नाही.

आत्ती बोअरिंगवर धुणं धूत होत्या. कपडे बडवायचा दांडका हातात घेऊनच त्या धावत आल्या. रक्त बघितलं, पोराला बघितलं, आणि दांडका माझ्या खांद्यावर घातला. परत घातला. "रांड, खाल्लीस माझ्या पोराला!" मी हात वर केले नाहीत. तिसऱ्यांदा उचललेला दांडका त्यांनी मधेच टाकून दिला, स्वतःच्या लुगड्याचा पदर दातांनी फाडला आणि त्याची मांडी वरच्या बाजूला आवळून बांधली.

"बघत काय बसलीस? टेम्पो बघ!"

मी रक्ताळल्या तोंडानं रस्त्यावर उभी राहून टेम्पो अडवला. त्याला मागं आडवा घातला. सगळ्या खड्ड्यांत तो किंचाळत होता. आत्तींनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं, मी पिन हलू नये म्हणून ती धरून बसले होते. काढायची नाही, एवढं मला कुठूनतरी माहीत होतं.

सरकारी दवाखान्यात हवालदार आला. "काय झालं?"

मी तोंड उघडायच्या आत आत्ती म्हणाल्या, "लेथवर हुता. जॉब उडाला, सळी घुसली."

हवालदारानं माझा फाटलेला ओठ बघितला. "आणि हिला?"

"ती बी तितंच हुती."

त्यानं आम्हा दोघींकडं आळीपाळीनं बघितलं आणि तो निघून गेला. त्याच्यासाठी बाहेर अपघाताची अजून माणसं थांबली होती.

व्हरांड्यात मी आत्तींजवळ गेले. त्यांनी माझ्याकडं न बघताच सांगितलं, "तुझ्यासाठी न्हाई बोललो मी. बायकोनं भोसकलं म्हटल्यावर उद्या एमआयडीसीत कोण काम देईल त्येला? हसतील लोक." मग आवाज खाली आणला. "आता जा. तो पायावर हुभा ऱ्हायच्या आत जा."

मी उचगावला परतले, फुटलेला चेलो चादरीत बांधला आणि रिक्षानं आण्णांकडं आले. पट्टा अंगणात पडला होता, त्याला हात लावला नाही. पिन दवाखान्यातच राहिली.

आण्णांनी आधी चादर सोडली. भोकाच्या कडांवरून बोट फिरवलं. मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि स्टोव्हवर पाणी ठेवलं. चाचा आले. मानेवरचा चौकोनी वण बघून त्यांनी मान खाली घातली.

"ये बक्कल मैने लगाया था, बेटी," ते म्हणाले. "माझ्या हातचा टाका हाय ह्यो." आणि उठून गेले.

नवरा लंगडत का होईना चालायला लागला तेव्हा आला. सकाळची वेळ होती, आण्णा शाळेला निघाले होते. दोन चुलतभाऊ बरोबर होते आणि त्याच्या हातात पहार होती. त्यानं आधी दारावर घातली. दार जुनं होतं, एका घावात बिजागरीतून निखळलं.

"भाईर ये," तो म्हणाला. "चेलो घेऊन भाईर ये."

आण्णा कोपऱ्यातली ती भोकाची फळी घेऊन माझ्यापुढं उभे राहिले. ढाल धरावी तशी छातीशी धरली होती. "जावई, परत जा," ते म्हणाले. "पोरगी मिळायची न्हाई." त्यानं पहार आडवी फिरवली. फळीचे दोन तुकडे झाले आणि तिच्यामागचा आण्णांचा उजवा हात कोपराखाली मोडला. हाड बाहेर आलेलं मी बघितलं. आण्णा भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले. चुलतभावांनी माझे हात मागं पिरगाळले.

चाचा मागून आले. ढोलकी मढवताना मारायची लाकडी हातोडी त्यांच्या हातात होती. त्यांनी ती माझ्या नवऱ्याच्या खांद्याच्या हाडावर घातली. कडकन आवाज आला आणि पहार गळून पडली. तोवर अख्खी गल्ली आत आली होती. बायका खराटे घेऊन, पोरं दगड घेऊन. तिघांना फरफटत चौकात नेलं. चपला, काठ्या, लाथा. एका चुलतभावाचं नाक चपटं झालं. नवऱ्याच्या जखमी मांडीवर कुणीतरी नाचत होतं आणि तो आईच्या नावानं हाका मारत होता. मी दारात उभी राहून बघितलं. थांबवलं चाचांनी. मधे आडवे पडले आणि म्हणाले, "बास करा, मरंल!" त्यांनाही त्यात दोन-तीन लाथा बसल्या.

पोलीस ठाण्यात या वेळी मी सगळं सांगितलं. पट्टा, घण, पिन, सगळं.

"म्हणजे तुम्ही पण मारलं?" फौजदारांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणाले. "मारलं. त्यो चेलो फोडत हुता."

त्यांनी डोकं खाजवलं. चेलो म्हणजे काय, हे त्यांना सांगण्यात बराच वेळ गेला. केस वर्षानुवर्षं चालली. पहारीसाठी त्याला थोडी शिक्षा झाली, पिनेचं प्रकरण कुणी लावून धरलं नाही, आणि शेवटी कोर्टानं फारकत दिली.

आण्णांचा हात वाकडा जुळला. बो त्यांच्या हातात पुन्हा बसला नाही. चेलो मिरजेच्या एका सतार कारागिरानं सांधला. भोकावर त्यानं ठिगळ लावलं, आवाज थोडा घोगरा झाला, पण तो वाजू लागला. पिन नव्हती. म्हणून मी तो नुसत्या पिंढऱ्यांत धरायला शिकले. जमिनीपासून वर, अधांतरी. पाय भरून यायचे, मांडीच्या जुन्या जखमा ठसठसायच्या, चेलो हळूहळू खाली सरकायचा. मग आण्णा माझ्यासमोर जमिनीवर बसायचे आणि दोन्ही पावलांचे तळवे चेलोच्या बुडाला लावायचे. मी ओढायचे, ते रेटायचे. बो चढवला की त्यांना पायातून कळायचं. "ह्यो सूर खाली गेला," ते डोळे मिटून म्हणायचे. कितीतरी महिने आम्ही असे वाजवत होतो.

हळूहळू कामं मिळाली. कॅसेटच्या, मग सीडीच्या रेकॉर्डिंगला लोक बोलवू लागले, मी शिकवण्याही घेऊ लागले. पुढं कागलच्या एमआयडीसीत कामाला असलेला एक विद्यार्थी पिन करून घेऊन आला. त्याबरोबर त्यानं चामड्याचा पट्टाही दाखवला, तो मी परत दिला. त्याऐवजी सुताराकडनं इंग्रजी टी अक्षरासारखी एक पट्टी करून घेतली. आडवी बाजू खुर्चीच्या पुढच्या दोन पायांना अडते आणि उभीच्या टोकाला रबर लावलेली खळगी असते. काही बांधावं लागत नाही. मी शिकवते त्या सगळ्या पोरांना तीच देते.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, एका दुपारी, आत्ती दारात उभ्या राहिल्या. एसटीनं आल्या होत्या. वाळलेल्या, पाठीत वाकलेल्या. मी पाणी दिलं. त्या पाणी न पिता म्हणाल्या, "त्येनं दुसरी केली. सीमेकडची हाय, कानडी. पायपानं मारतो तिला. तू चल."

"मी कशाला?"

"तिला सांग. तू निघालीस न्हवं? कसं निघायचं ते सांग."

आण्णा म्हणाले, जाऊ नको. मी गेले. का गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही. आत्तींनी माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं, एवढं खरं.

तो शेडमध्ये होता. जाडा झाला होता, एका पायावर झुकून उभा. मला बघितल्याबरोबर त्यानं लेथ बंद केला आणि मोठा पाना हातात घेतला.

"काय काम हाय हितं?"

"तुमच्याकडं न्हाई," मी म्हटलं. "तिच्याकडं हाय."

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. विशीतली पोर, एक डोळा सुजून मिटलेला. तो पाना घेऊन माझ्याकडं निघाला. मी जागची हलले नाही. मधे आत्ती आल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. म्हाताऱ्या हाताची ती चापट, तिला आवाजही धड नव्हता. त्यानं त्यांना ढकललं. त्या लेथच्या कडेवर आदळल्या, कपाळ फुटलं, आणि पांढऱ्या केसांतून रक्त खाली वाहू लागलं. तो "आई" म्हणाला. पाना हातातच होता.

ती पोर दारातून आली. त्याच्याकडं बघितलंही नाही. कंबरेला खोचलेला पदर सोडून आत्तींच्या कपाळाला दाबला आणि मला म्हणाली, "अक्का, रिक्षा बघा की."

आम्ही तिघी रिक्षात बसलो. तो रस्त्यापर्यंत आला आणि थांबला. दवाखान्यात टाके घातले. हवालदारानं विचारलं तेव्हा आत्तींनी भिंतीकडं तोंड केलं. या वेळी त्या पोरीनं सांगितलं, अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत, पायपाच्या लांबीसकट.

टाके निघेपर्यंत आत्ती आमच्याकडं राहिल्या, निघाले त्याच दिवशी उचगावला परत निघाल्या. मी स्टँडवर सोडायला गेले. राहा म्हटलं. त्या म्हणाल्या, "त्येला भाकरी कोण घालणार? माझंच हाय ते. तुमचं सुटलं, माझं कसं सुटंल?" गाडी लागली, त्या खिडकीशी बसल्या, पट्टी बांधलेलं डोकं गजांना टेकवलं. हात केला नाही.

ती पोर आमच्याकडंच राहिली. आण्णांना कानडी येत नव्हतं आणि तिला आण्णांची थट्टा कळत नव्हती, तरी दोघं दिवसभर बडबडत असायची. नंतर कागलला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये तिला काम लागलं. तिथंच खोली घेतली. दाराला आतून दोन कड्या लावून घेतल्यात, हे तिनं मला पहिल्याच दिवशी दाखवलं, आणि मग भाकरी वाढली.